वसईच्या घंटेचा लोळा

आमच्या ह्यांना एकदा एखादी गोष्ट पटली, की ब्रह्मदेव आला तरी ते ऐकत नाहीत. आणि ब्रह्मदेव आधी फोन करून येणार असेल, तर तो पोचायच्या आत काम उरकून मोकळे होतात.

त्या सकाळी तेच चाललं होतं. खाली टेम्पो उभा, देवळातली घंटा गोणपाटात गुंडाळून दोरीनं बांधलेली, आणि मी जिन्याच्या कठड्यावरून ओरडतेय, "अहो, त्या बाई आज येतायत वसईहून! निदान त्यांना एकदा बघू तरी द्या!"

"म्हणून तर आज नेतोय," टेम्पोत चढता चढता हे म्हणाले. "आज बघायला येतील, उद्या मागायला येतील. एकदा वितळली, की प्रश्नच मिटला."

"अहो, पण..."

"मंदाकिनी, दूध उतू जातंय."

दूध काही उतू जात नव्हतं. पण इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य कानावर पडलं, की माझे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात, आणि ते ह्यांना पक्कं ठाऊक आहे. मी परत येईपर्यंत टेम्पो गल्लीच्या तोंडाशी पोचला होता.

आता घंटेचं सांगते. कसबा पेठेत आमचा खासगी मारुती आहे. वाडा पाडून बिल्डिंग झाली तेव्हापासून तो पार्किंगला लागून, दुचाक्यांच्या रांगेशेजारी असतो. मारुतीची त्याबद्दल काही तक्रार नाही, तक्रार असते ती दुचाकीवाल्यांची. त्याच्यासमोर ही घंटा टांगलेली. सासरच्यांचे कोणी पूर्वज पेशव्यांच्या फौजेत होते, वसईच्या लढाईत होते, आणि येताना त्यांनी ही घंटा आणली, असं आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी सांगितलं जातं. मलाही मुलगी बघायला आले तेव्हा सांगितलं होतं. कुठून आणली, कोणाची होती, हे मात्र कोणी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. नव्या सुनेनं काय काय विचारायचं?

एवढी पराक्रमी घंटा, पण आवाज म्हणाल तर बद्द. लग्न होऊन आले आणि पहिल्यांदा वाजवली, तेव्हा मला वाटलं कोणीतरी पातेल्यावर पळी आपटली. आत जो लोंबतो तो लोळा म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा होता, कोण्या लोहारानं जोडून दिलेला. पण लोळ्याकडे कोण बघतंय? सगळे घंटेलाच नावं ठेवायचे. शेवटी ह्या वर्षी ह्यांनी ठरवलं, की घंटा मोडायची आणि त्याच धातूची नवी ओतून हनुमान जयंतीला टांगायची.

मोडायच्या आधी आमच्या वरदनं, म्हणजे मुलानं, रविवारी बाणेरहून येऊन ती चिंच-मिठानं घासली. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर निघाला आणि खालून एक क्रूस आला, त्याच्याभोवती परकी अक्षरं. "बाबा, ही तर चर्चची बेल आहे! कसलं भारी!" तो ओरडला. ह्यांचा चेहरा मात्र उतरला. लढाईत आणलेली म्हणजे लुटलेलीच की, हे त्यांना काय माहीत नव्हतं? पण शेंदराखाली होतं तोवर ठीक होतं. वरदनं फोटो काढून टाकला कुठेतरी, "आमची जुनी घंटा, लवकरच रिटायर" असं लिहून. आठवडा गेला नाही तोच फोन आला.

"मी मार्था डाबरे, वसईहून बोलतेय. मी येऊन ती घंटा बघू का? एक काम आहे, पण ते फोनवर सांगण्यासारखं नाही."

झालं! फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणजे मागणं. मागणं म्हणजे वकील. वकील म्हणजे पेपरात नाव. ह्यांनी त्या एका वाक्यावरून अख्खा खटला मनातल्या मनात लढवला, हरले, आणि टेम्पोवाल्याला फोन केला.

तर टेम्पो गेला, आणि तासाभरात बाई दारात उभ्या. सत्तरीच्या असाव्यात. सुती साडी, केसांचा अंबाडा, गळ्यात बारीकसा क्रूस, आणि खांद्याला एवढी जड पिशवी, की त्या एका बाजूला कलल्या होत्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "कम, कम. प्लीज सिट. आप पानी लेंगी?"

त्या बसल्या. पदरानं कपाळ पुसलं. "मराठीत बोललात तरी चालेल," त्या म्हणाल्या. "माझी अख्खी नोकरी मराठी शिकवण्यात गेली."

अगं बाई! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. कसब्यात राहून मी एका मराठीच्या बाईंशी हिंदीत बोलले होते. पाणी दिलं, चहा टाकला. त्यांनी पिशवी पुढ्यात ओढली आणि आतून तांबड्या चौकडीच्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. उलगडलं. कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा लोखंडी दांडा, खाली जाडसर बोंड, वर आकडा. काळाभोर, पण गंज नावाला नाही. खोबरेलाचा वास येत होता.

"हा तिचा लोळा," मार्थाबाई म्हणाल्या. "घंटा तुमच्याकडे आली. हा आमच्याकडे राहिला."

चहा तसाच टाकून मी पुढ्यात येऊन बसले.

"लढाई चालू होती तेव्हा आमच्या मूळपुरुषानं हा काढून विहिरीत टाकला. शत्रूनं आपल्या चर्चची घंटा वाजवू नये म्हणून. असं घरात सांगतात, खरं-खोटं देव जाणे. नंतर विहीर उपसली तेव्हा वर आला. तेव्हापासून घरच्या अल्तारापाशी, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यापाशी असतो. दर ईस्टरला आम्ही त्याला खोबरेल लावतो." त्यांनी बोंडावरून हात फिरवला. "मी घंटा मागायला नाही आले हो. हा द्यायला आलेय. माझा भाऊ इनास, त्याची इच्छा आहे. हा तिच्यात बसवायचा, एकदा वाजवायची, फोनवरून त्याला ऐकवायची आणि इथेच ठेवून जायचं. बस, एवढंच काम."

चहा उकळून शेगडीवर सांडला. ह्या वेळी खरंच उतू गेला.

"बाई," मी म्हटलं, "आमचे हे आज सकाळी घंटा मोडायला घेऊन गेले."

मी धावत फोनला हात घातला, ह्यांचा नंबर लावला, आणि फ्रीजवर काहीतरी वाजायला लागलं. फोन घरीच! 'बॅटरी उगाच जाते' म्हणून हे तो बाहेर नेत नाहीत. कर्म माझं! कारखानदाराचा नंबर त्याच फोनात, आणि त्या फोनाचं कुलूप कसं उघडायचं ते फक्त ह्यांना माहीत. मार्थाबाईंनी एक शब्द न बोलता लोळा परत लुगड्यात गुंडाळला. आम्ही खाली आलो आणि रिक्षा केली.

कारखाना कात्रजला. शहरात आता भट्ट्या लावू देत नाहीत, म्हणून ओतारी मंडळी तिकडे गेलीत. स्वारगेटला रिक्षा जी अडकली ती अडकलीच. मला रिक्षावाल्याला, सिग्नलला, पुढच्या बसला आणि माझ्या नवऱ्याला, सगळ्यांना एकदम शिव्या द्याव्याशा वाटत होत्या. मार्थाबाई मात्र मांडीवर ते गाठोडं धरून शांत बसल्या होत्या. शांत म्हणजे काय, बोटं पांढरी पडली होती.

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "चर्च आहे का हो अजून?"

"तीन भिंती आणि एक कमान," त्या म्हणाल्या. "तोफांनी छप्पर गेलं, उरलेलं पावसानं खाल्लं. कमानीवर पिंपळ वाढलाय. हल्ली लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. एक मुलगी वेदीच्या जागी चढून उभी राहिली, तेव्हा मी म्हटलं, बाळ, चपला काढ. तर म्हणाली, आजी, इथे देव कुठंय? घंटाघराचा एक कोपरा मात्र उभा आहे. दादा लहानपणी मला खांद्यावर बसवून तिथे न्यायचा आणि वर बोट दाखवायचा. वर काय, तर आभाळ. म्हणायचा, तिथे आपली घंटा होती."

"आणि मागावीशी नाही वाटली कधी?"

"मला वाटली. दादाला नाही. घंटा वाजवायचं काम पहिल्यापासून आमच्या घराकडे. नव्या चर्चातही गुडघे जाईपर्यंत दादानंच वाजवली, आता बटण दाबतात. तो म्हणतो, जिथे आहे तिथे सुखानं वाजू दे, पण नीट वाजू दे. लोळ्याशिवाय घंटेचे हाल होत असतील, असं म्हणतो तो. वस्तूबद्दल नाही बोलत, दिल्या घरच्या लेकीबद्दल बोलावं तसं बोलतो." त्यांनी बाहेर बघितलं. "डॉक्टरांनी आशा सोडलीय. डोळे केव्हाच गेले. कान तेवढे शाबूत आहेत. सूनबाईनं फोन उशाशी ठेवलाय."

मला आमची ती बद्द घंटा आठवली. इतकी वर्षं आम्ही तिला नावं ठेवली, आणि दोष होता लोहाराच्या त्या गोळ्याचा. आजार म्हशीला आणि औषध पखालीला! मी रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, जरा पळवा हो." तो म्हणाला, "आजी, उडवू का?" पुण्यात दुसरं काय ऐकायला मिळणार.

कारखान्याच्या दारात पोचलो तर आतून उदबत्तीचा वास. पत्र्याची शेड, एका बाजूला थंड भट्टी, तुळईला ओतून तयार झालेल्या नव्या घंटा टांगलेल्या. भट्टी थंड बघून माझ्या जिवात जीव आला. हे समोरच उभे होते, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, हातात स्टीलची ताटली. आम्हाला बघून गडबडले, पण बाईमाणूस दारात आलंय म्हटल्यावर रीत सोडवेना. पुढे आले आणि मार्थाबाईंच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"प्रसाद," म्हणाले.

मार्थाबाईंनी खोबऱ्याकडे बघितलं. मग ह्यांच्या मागे. जमिनीवर गोणपाट पसरलेलं होतं, त्यावर फुटलेला नारळ, हळदकुंकू, घण. आणि घंटा. चार-पाच मोठे तुकडे आणि बारीक चुरा.

मी घणाकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. तेव्हा कारखान्याचा मालक, पृथ्वीराज, तरुण मुलगा, त्याला बिचाऱ्याला वाटलं आम्हाला पद्धत समजावून सांगावी. म्हणाला, "देवाची घंटा आम्ही आपल्या हातानं फोडायला सुरुवात करत नाही, आजी. आजोबांपासूनची रीत आहे आमची. पूजा करायची, क्षमा मागायची आणि पहिला घाव ज्याची घंटा त्यानं घालायचा. काकांनी घातला. एका घावात गेली."

मार्थाबाई खाली बसल्या. गाठोडं सोडलं, लोळा काढला. तुकड्यांमध्ये घंटेचा माथा शाबूत राहिला होता, आतल्या बाजूला झिजलेली लोखंडी कडी. त्यांनी लोळ्याचा आकडा त्या कडीत घातला. अस्सा बसला! जिथे कडी झिजली होती तिथेच आकडाही झिजलेला, एकमेकांत अगदी चपखल.

हे बघत होते. हळूहळू त्यांना समजत गेलं, ते मला त्यांच्या मानेवर दिसलं. मान खाली खाली जात होती.

"हे... द्यायला आला होतात?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला काय वाटलं?" मार्थाबाईंचा आवाज चढला. "चोर वाटले मी तुम्हाला? आमच्या घरची वस्तू तुम्ही नेलीत, आणि चोर मी? इतक्या पिढ्या खोबरेल लावून सांभाळला हो आम्ही हा! एक दिवस थांबायचं होतं. एक दिवस!"

आमचे हे भल्याभल्यांना बोलण्यात हरवतात. बँकेत साहेबाला गप्प करून आलेला माणूस. मला वाटलं, आता म्हणतील, तुम्ही फोनवर स्पष्ट सांगायचं होतं. पण नाही. म्हणाले, "हो. चोरच वाटलात. चुकलो मी." आणि हात जोडले. मी ह्यांना मारुतीशिवाय कोणासमोर हात जोडताना पहिल्यांदाच बघितलं. रागानं माझ्या अंगाची लाही लाही होत होती, तरी मला त्यांची दया आली.

आणि नेमका त्याच क्षणी मार्थाबाईंचा फोन वाजला.

त्यांनी घेतला. शेड इतकी शांत झाली होती, की पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. म्हाताऱ्याचा, दमलेला. त्यांच्याकडची बोली मला सगळी समजली नाही, पण विचारलं काय ते समजायला बोली कशाला लागते? बसवला का लोळा? वाजव की.

मुलांना जन्मभर 'नेहमी खरे बोलावे' फळ्यावर लिहून दिलेली बाई ती. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात हे वाकले. कडीतून लोळा अलगद सोडवला, दोन्ही हातांत धरला आणि तुळईखाली गेले. तिथे एक नवीकोरी घंटा टांगलेली होती, दुसऱ्या कुठल्या देवळाची. पृथ्वीराज पुढे झाला. मला वाटलं अडवतोय, पण त्यानं घंटेला बांधलेलं फडकं सोडलं आणि बाजूला झाला. ह्यांनी लोळा मागे घेतला आणि मारला.

काय आवाज झाला म्हणून सांगू! पत्रे थरथरले. माझ्या छातीत कुठेतरी तो जाऊन बसला. मार्थाबाईंनी फोन वर धरला होता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आवाज खूप वेळ घुमत राहिला. हे लोळा धरून तसेच उभे, पुन्हा मारायची हिंमत नव्हती त्यांना.

मग म्हातारा बोलला. मार्थाबाईंनी ऐकलं, आणि बोली नव्हे तर आपली मराठी ओठांवर आली त्यांच्या, आम्हाला कळावं म्हणून. "दादा म्हणतो, आवाज कोवळा आहे. नवा वाटतो."

जन्म घंटा वाजवण्यात गेलेला माणूस तो, त्याला काय फसवणार आपण?

पलीकडून पुन्हा काहीतरी विचारलं. मार्थाबाईंनी डोळे पुसले. "हो दादा," त्या म्हणाल्या. "लोळा आपलाच आहे. तोच वाजला."

आणि ते खरं होतं.

म्हातारा एवढंच म्हणाला, मग झालं. हे मात्र मलाही समजलं. फोन बंद झाला.

घंटा दुसरीच होती हे इनासदादांना कळलं होतं की नाही, ह्यावर आम्ही नवरा-बायको पुढे कित्येक दिवस बोललो. हे म्हणायचे, नाही कळलं. मी म्हणायचे, कळलं, पण आपल्यासारखा खटला नाही लढवला त्यांनी.

मार्थाबाईंनी जाताना क्रूस असलेला तुकडा तेवढा मागितला, इनासच्या हातात द्यायला. ह्यांनी तो आपल्या हातानं पुसला, त्याच तांबड्या लुगड्यात बांधला, आणि त्यांना गाडीत बसवून द्यायला स्टेशनपर्यंत गेले. लोळा मार्थाबाईंनी ठेवला. मला वाटलं होतं, रागानं परत नेतील. मी म्हटलंही, न्या हो, आमची लायकी नाही. तर म्हणाल्या, "तुमच्या लायकीसाठी नाही ठेवत. दादाचा शब्द आहे."

उरलेल्या धातूची नवी घंटा झाली. हनुमान जयंतीला टांगली, आत तोच लोळा. आता आमची घंटा गणपतीच्या देवळापर्यंत ऐकू जाते. चहाआधीची गोष्ट मात्र हे पाहुण्यांना सांगत नाहीत. कोणी विचारलंच, तर म्हणतात, घंटा माझ्या हातून फुटली, ही नवी.

पुढे ज्येष्ठात एका दुपारी फोन आला. हे जेवून आडवे झाले होते, आणि दुपारी आमच्याकडे भूकंप झाला तरी ह्यांना उठवायचं नसतं. मी उठवलं. मार्थाबाई होत्या. इनासदादा सकाळी गेले. जाताना तो तुकडा हातात होता, असं म्हणाल्या.

हे कॉटवर बसून ऐकत होते. मग विचारलं, "बाई, माणूस गेलं की तुमच्याकडे घंटा कशी वाजवतात?"

"सावकाश," त्या म्हणाल्या. "एक टोला द्यायचा. तो पूर्ण विरू द्यायचा. मगच दुसरा."

ह्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि बनियनवरच खाली गेले. मी गॅलरीत आले. आता हे ऐका: ह्यांचा सख्खा मोठा भाऊ गेला, तेव्हा सुतकात कोणी चुकून घंटेला हात लावू नये म्हणून ह्यांनी लोळ्याला फडकं बांधून ठेवलं होतं. वरद लहान होता, त्यानं ते सोडलं तर मारलं होतं त्याला. तो माणूस भर दुपारी पार्किंगमध्ये उभा राहिला, दोन्ही हातांनी लोळा मागे घेतला, आणि एक टोला दिला.

समोरच्या खिडकीतून मालनबाईंनी डोकं बाहेर काढलं. गल्लीत पान हललं तरी त्यांना कळावं लागतं. "अहो माधवराव, ही काय घंटा वाजवायची वेळ? कोण गेलं की काय?"

"आमच्या घरचं माणूस गेलं," हे म्हणाले.

"अगं बाई! मग सुतक ना तुम्हाला? सुतकात घंटा वाजवताय?"

"मालनबाई, जरा थांबा," हे वर न बघता म्हणाले. "आवाज अजून विरला नाही."

मी फोन गॅलरीच्या कठड्यावर तसाच धरून उभी होते. पलीकडे वसईला मार्थाबाई ऐकत होत्या.